व्हायोलिन-चेलोच्या शिकवणीत गाण्याची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हायोलिनच्या खासगी शिकवण्यांत नवी मुलं येतात. आता एखादं चेलोसाठीही, म्हणजे खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायच्या व्हायोलिनच्या मोठ्या भावंडासाठीही, विचारतं. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाणं कधी वाजवेल, परीक्षेला कधी बसेल? या तगाद्यापुढे शिक्षक नमतात आणि मुलाचा उजवा हात कायमचा कच्चा राहतो.

निदान पहिले दोन महिने मोकळ्या, म्हणजे डाव्या बोटांनी न दाबलेल्या, तारांवर फक्त गज (बो) चालवून घ्यावा. घोडी (तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज) आणि बोटपट्टीचं (बोटं दाबायच्या काळ्या पट्टीचं) टोक यांच्या मधोमध, घोडीला समांतर, एका गजाला चार मात्रा. गज टोकाकडे नेताना मुलं कोपर उघडत नाहीत, सगळा हात खांद्यातून मागे ओढतात. मग गज तिरका होऊन पट्टीवर सरकतो आणि नाद पोकळ होतो. समोर आरसा ठेवला की मुलाला हे आपोआप दिसतं, शंभरदा सांगावं लागत नाही. उजवा अंगठा वाकलेलाच हवा. तो ताठ झाला की मनगट आखडतं आणि आवाज करकरतो. हे वळण एकदा बसलं की मोडायला वर्ष जातं.

दुसरी चूक वाद्य घेतानाच होते. वाढत्या अंगाचा सदरा घ्यावा तसं लहान मुलाला पूर्ण मापाचं व्हायोलिन घेतलं जातं. हात बाजूला सरळ पसरून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजावं. सुमारे 23 इंच भरले तर पूर्ण माप, 20 इंचांच्या आसपास असेल तर अर्धं.

चेलोबाबत जास्त काळजी वाटते, कारण तो आपल्याकडे बहुधा व्हायोलिनचे शिक्षकच शिकवतात आणि बोटांची बैठक व्हायोलिनचीच देतात. व्हायोलिनच्या तारेची वाजती लांबी सुमारे 33 सेंटीमीटर, पूर्ण मापाच्या चेलोची 69. व्हायोलिनवर शेजारच्या दोन बोटांत पूर्ण स्वराचं अंतर सहज मावतं. चेलोवर पहिल्या जागी (हात मानेच्या वरच्या टोकाजवळ असताना) चारही बोटं अर्ध्या-अर्ध्या स्वरावर पडतात आणि अंगठा दुसऱ्या बोटाच्या मागे राहतो. हे न सांगता पंजा ताणायला लावला, तर मनगट दुखून मूल वाद्य सोडतं. बसायला हातांची प्लॅस्टिक खुर्ची चालत नाही. सपाट बैठकीची, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील अशी हवी. फरशीवर चेलोचा खालचा टोकदार दांडा (एंडपिन) घसरतो, त्यासाठी खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून त्यात तो अडकवावा.

सीमाभागातली आणखी एक अडचण आहे. शाळेत पाश्चात्त्य आणि संध्याकाळी हिंदुस्थानी, असं एकच मूल एकाच व्हायोलिनवर शिकतं. पाश्चात्त्य जुळणीत चार तारा जी-डी-ए-ई या स्वरांत लावतात. पेटीच्या पांढरी एकचा (सी) सा धरून प-सा-प-सा लावलं, तर जी तशीच राहते, डी आणि ए एकेक पूर्ण स्वर उतरतात, ई मात्र दोन स्वर उतरून ढिली पडते. ही चढउतार रोज केली की तारा लवकर तुटतात आणि घोडी पट्टीकडे कलते. शिवाय मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं की मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला) डावा हात मोकळा मिळतो. पाश्चात्त्य पद्धतीत मात्र वाद्य हनुवटीखाली धरावं लागतं. मुलाला पहिल्या वर्षी एकच जुळणी, एकच बैठक द्यावी. दोन शिक्षक असतील तर त्यांनी आपसात बोलून ठरवावं, यात कमीपणा नाही.

आपल्याकडच्या पावसात तारा ताणायच्या लाकडी खुंट्या फुगून घट्ट बसतात. पक्कड लावू नये, खुंटी फुटते. उन्हाळ्यात त्याच खुंट्या सुटतात. तारा बदलताना एकेकच बदलावी. चारही एकदम काढल्या तर वाद्याच्या पोटात नुसता दाबाने उभा असलेला दांडा (साउंडपोस्ट) पडू शकतो आणि तो बसवणं घरचं काम नव्हे. वादन संपलं की गज सैल करावा. पावसाळ्यात त्याचे केस लांबतात, तसाच ताणून ठेवलेला गज हवा कोरडी पडल्यावर केस आखडून वाकतो.

सात-आठ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एकदा तासभर शिकवण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन शिकवण्या आणि घरी रोज पंधरा मिनिटं बरी. पहिल्या महिन्यात पालकांनी शिकवणीला सोबत बसावं, म्हणजे घरी गज तिरका गेलेला त्यांनाही कळेल. परीक्षेचा अर्ज दुसऱ्या वर्षी भरावा.

आपला,
एक तंतुवाद्य शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव