बाळ्या, तुझा तानपुरा मिरजेला न्यायचाय

सोलापूर
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू दोन मिनिटांत "बरं चल ठेवतो" म्हणतोस, म्हणून सगळं लिहूनच काढतोय, सावकाश वाच. गेला आठवडा मी लई म्हणजे लई गाणं ऐकलं बे. मागच्या शुक्रवारी घरातनं निघालो ते कालपर्यंत चालूच, मधे दोन दिवस दुकान उघडलं तेवढंच.

पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं आपलं दरवर्षी ठरायचं आणि राहायचं, आठवतंय ना? यंदा मी कुणाला विचारलंच नाही, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि निघालो. कुर्डूवाडी गेली, भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं, थंडीचं धुकं होतं त्यावर, आणि सुमीनं दिलेले धपाटे नि शेंगाचटणी दौंडच्या आतच संपली. मावशीकडे बॅग टाकली आणि दुपारी थेट मुकुंदनगरला. सतरंजी घेऊन भारतीय बैठकीत बसलो, शेजारी एक काका होते, डबा, थर्मास, स्वेटर, मफलर सगळं घेऊन आलेले, त्यांनी लगेच सरकून जागा दिली आणि चहाही दिला. अशी माणसं भेटली की परक्या गावात आल्यासारखं वाटतच नाही.

एक गोष्ट मला तुला सांगायचीच होती. एक कलाकार उठला की अर्धा मांडव वडापाव खायला जातो, मीपण पहिल्या दिवशी गेलो. दुसऱ्या दिवशी मात्र बसून राहिलो आणि तानपुरे लागताना ऐकले. आपले गाण्याचे सर काय म्हणायचे, तानपुरा लागला की अर्धं गाणं झालं, तेव्हा आपल्याला ते कंटाळवाणं वाटायचं. चार तारा, पंचम, मग जोडाच्या दोन, मग खर्ज, आणि तो बाबा खुंटी पिळतोय, मणी केसभर वर खाली सरकवतोय, परत ऐकतोय, आणि एका क्षणाला चारही तारा अशा मिळाल्या की वेगळ्या ऐकूच येईनात, नुसता एक गुंजारव. माझ्या अंगावर काटा आला रे. रविवारी अगदी शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. भीमसेनजींनी १९५३ ला गुरूच्या नावानं हे सुरू केलं आणि एवढ्या वर्षांनी पण शेवटचा आवाज गुरूचाच, ते ऐकून मग मी निघालो.

सोमवारी परत आलो, गाडीत झोपलोच. मंगळवारी हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यसंगीत होतं, सुमीपण आली, छान झालं, नंतर पार्काजवळ डिस्को भजी खाल्ली, तिला हिरवी मिरची लागली, मला भजी अजून हवी होती पण गाडी बंद होत होती.

खरी मजा बुधवारची. आपल्या जुन्या पेठेत एका वाड्यात घरगुती बैठक होती, चाळीसेक माणसं, माईक नाही, काही नाही. मी अगदी पुढं, तानपुऱ्यापासून हातभर अंतरावर. गाणाऱ्यांनी कुर्त्याच्या खिशातनं पांढऱ्या सुताची गुंडी काढली, दातानं तोडली आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, एकेका तारेखाली घालून इकडून तिकडं सरकवत बसले. सूत जरा पुढं गेलं की तार एकदम ठस्स, मुकी, आणि त्या एका ठिकाणी आलं की झुंईई करून उघडते, कळी उमलल्यासारखी. जवारी म्हणतात ती हीच, किती वर्षं आपण नुसता शब्द वापरत होतो. मध्यंतरात मी त्यांना विचारलं, तानपुरा मिरजेचा का, तर म्हणाले हो, मिरजेचाच, पण भोपळा तुमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूरकडचा. मला हे माहीतच नव्हतं बाळ्या! मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा पेपरात वाचलेलं, पण भोपळा आपल्या भीमेकाठचा असतो हे कुणी बोललंच नव्हतं.

मग गुरुवारी मंगळवेढ्याकडं मामाच्या रानात हुरड्याला गेलो तेव्हा मामाला विचारलं. मामा म्हणाला तो भोपळा कडू असतो, खायचा नाही, वेलावर नीट वाळू द्यायचा. हुरडा यंदा काय सांगू, गुळभेंडी ज्वारीची कणसं आगटीतनं काढून मामी तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून हातात हिरवे गरम दाणे, वर शेंगाचटणी, दही, गूळ. हात काळे झाले, बोटं भाजली, कुणी थांबेना. ज्वारी आणि जवारी दोन्ही आपल्याच भागातली, असं मी मामाला म्हणलं तर तो खूष झाला.

काल विजापूरला गेलो, शंभरेक किलोमीटर, सकाळी लवकर निघालो म्हणून गोलघुमटात पोरांचा आरडाओरडा सुरू व्हायच्या आत वर पोचलो. सुमी त्या टोकाला उभी राहिली, मधे ३८ मीटरचा घुमट, आणि मी भिंतीला तोंड लावून हळूच सा लावला. तिला कानात बोलल्यासारखा ऐकू आला आणि मला माझाच सा परत परत, पातळ होत होत. १६५६ ला बांधून झालंय हे. मग इब्राहिम रोज्याला, म्हणजे दुसऱ्या इब्राहिमच्या कबरीला गेलो. दुसरा इब्राहिम आदिलशहा म्हणजे गोलघुमटातल्या महंमद आदिलशहाचा बाप, लई गाण्याचा वेडा, त्यानं आपल्या तंबोऱ्याचं नाव ठेवलं होतं मोतीखान. हत्तीला नाव देतात तसं तंबोऱ्याला नाव! तिथं उन्हात पायरीवर बसलो तेव्हा तुझा तानपुरा आठवला.

तर आता मुद्दा. तू नागपूरला जाताना तो माझ्याकडं ठेवलास त्याला नऊ वर्षं झाली. काल रात्री आल्या आल्या माळ्यावरून उतरवला, खोळ काढली. भोपळा शाबूत आहे, एक चीर नाही. तारा गंजल्यात त्या बदलू, पण घोडीवर तारांच्या खाचा पडल्यात, कितीही सूत घातलं तरी पंचम उघडतच नाही, तासभर प्रयत्न केला. जवारी नव्यानं काढावी लागणार आणि ते काम मिरजेलाच होईल. मी एकटा नेऊ शकतो पण नेणार नाही, तुझा आहे तो, तूच हजर पाहिजे, तुझ्या कानानं जवारी ठरली पाहिजे. तू गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला ये, १३-१४ जानेवारीला, अक्षता बघू, नंदीध्वज बघू, आईच्या हातची शेंगापोळी खा, आणि मग दोघं पंढरपूरवरून मिरजेला जाऊ. रजा आत्ताच टाक, उद्या परवा म्हणत बसू नकोस. गाडीत तानपुरा मी मांडीवर घेईन.

आणि हां, खोळीच्या आतल्या कप्प्यात तुझी सुताची गुंडी सापडली, अर्धी संपलेली, टोकाला अजून दातानं तोडल्याची खूण आहे. ती मी होती तशीच ठेवलीये.

तुझाच,
नंदू