टीएसएच उलटा वाचायचा असतो, हे रिपोर्टवरच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये मी २७ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तरी एक बाई काही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यांच्यामुळेच हे पत्र.

चाळिशी उलटलेली, शेतातून थेट आलेल्या, हातात थायरॉईडच्या तपासणीचा रिपोर्ट. टीएसएचसमोर १८.६ आणि शेजारी ठळक ‘एच’. मला म्हणाल्या, “ताई, थायरॉईड लई वाढलाय की ओ. आता गोळी निम्मीच घेते.” रिपोर्टबद्दल तंत्रज्ञाने चकार शब्द काढायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. मी फक्त “डॉक्टरांना दाखवा” म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. त्या गेल्याच नाहीत.

चार महिन्यांनी मुलगा त्यांना धरून घेऊन आला, तेव्हा मी ओळखलंच नाही. डोळ्यांभोवती सूज, आवाज घोगरा, एप्रिलच्या उन्हात अंगात स्वेटर. नस सापडायला मला तीनदा दंड बांधावा लागला. आधी त्यांनी गोळी निम्मी केली होती, मग वाटलं, तीही कशाला, म्हणून बंदच केली. त्या दिवशी यंत्राने नेमका आकडा दिलाच नाही, ‘१०० च्या वर’ एवढंच छापलं.

या बाई अडाणी नव्हत्या. ‘एच’ म्हणजे जास्त, हे त्यांना वाचता येत होतं. साखरेचा आकडा वाढला की रक्तात साखर जास्त, हे घरोघरी माहीत आहे. मग थायरॉईडच्या तपासणीत आकडा वाढला म्हणजे थायरॉईड जास्त, असं कुणीही समजेल. चूक त्या कागदाची आहे.

टीएसएच हे मुळात थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते, ती टीएसएच सोडते आणि गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. आमच्याकडचं उदाहरण देते. ऊसतोडीची टोळी संथ पडली की मुकादमाचा आवाज चढतो. टोळी झपाट्याने तोडायला लागली की तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज, आणि तुटलेला ऊस म्हणजे थायरॉईडची हार्मोन्स, टी-३ आणि टी-४. आवाज चढला की समजायचं, ऊस कमी पडतोय. टीएसएच वाढला, तर बहुतेक वेळा शरीराला थायरॉईडचं हार्मोन कमी पडतंय. त्या बाईंची गोळी कदाचित वाढवावी लागली असती. हा मुकादम भलता तिखट कानाचा आहे. टी-४ जरासं घटलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो, म्हणूनच डॉक्टर आधी तो पाहतात.

टी-३ आणि टी-४ मधले आकडे म्हणजे त्या रेणूतले आयोडीनचे अणू. ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते आणि शरीर गरजेप्रमाणे त्याचं टी-३ करून वापरतं. रक्तातलं जवळजवळ सगळं टी-४ प्रथिनांना चिकटलेलं असतं, प्रत्यक्ष कामाला येतं ते मोकळं राहिलेलं, हजारात एका भागाहूनही कमी. गरोदरपणात ही प्रथिनं वाढतात आणि एकूण टी-४ उगाचच जास्त दिसतं. म्हणून रिपोर्टवर ‘फ्री’ टी-४ असा वेगळा रकाना दिसतो. दिवस गेल्यावर टीएसएचची मर्यादाही बदलते आणि गोळी बऱ्याचदा वाढवावी लागते, तेव्हा त्या काळात शेजारणीच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट लावून पाहू नये.

काउंटरवर रोज दिसायची ती दुसरी गोष्ट म्हणजे घाई. गोळीचा डोस बदलला की दहाव्या दिवशी लोक हात पुढे करून हजर. टी-४ रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. नवा डोस अंगी लागून टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे जातात. त्याआधी काढलेलं रक्त म्हणजे पैसेही गेले आणि जिवाला घोरही. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, त्यामुळे दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त दिलेलं बरं. नुसत्या टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नसते. मात्र गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्यानंतर ४ तासांनी. सकाळच्या चहाबरोबर तिन्ही गोळ्या एकदम गिळणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. औषध पोटात जातं, पण पुरतं रक्तात पोचत नाही आणि रिपोर्ट बिघडलेलाच राहतो.

हल्ली केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतात. थायरॉईड मंदावला की केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन, आणि काही यंत्रांच्या पद्धतीत तेच बायोटिन तपासणीत घोळ घालतं: टीएसएच खोटाच कमी येतो आणि टी-४ खोटंच जास्त. माणसाला हार्मोन कमी पडत असताना कागद सांगतो की जास्त झालंय. ही गोळी निदान दोन दिवस आधी थांबवायची असते. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावं. रक्त काढताना “केसांची गोळी घेता का?” हे विचारायला अर्धं मिनिट लागतं, पण विचारतं कोण?

तंत्रज्ञाने निदान सांगू नये, हे मला आजही मान्य आहे. पण कागदाला बोलायला कुणाची बंदी आहे? थायरॉईडच्या प्रत्येक रिपोर्टखाली, संदर्भ-मर्यादेच्या बारीक टायपाखाली, मोठ्या अक्षरांत मराठीत चार ओळी हव्यात. आपल्या आरोग्य पानावरून लॅबचालकांपर्यंत आणि डॉक्टरांच्या संघटनांपर्यंत ही मागणी पोचवावी, अशी विनंती. मसुदा मी करून ठेवला आहे, तज्ज्ञांनी तपासून घ्यावा:

“टीएसएच वाढणे म्हणजे बहुधा थायरॉईडचे हार्मोन कमी पडणे. गोळी स्वतःहून कमी, जास्त किंवा बंद करू नका. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. गरोदर असाल किंवा बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा.”

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, जि. सातारा