माशांबरोबर शिंपलेही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णेत मेलेले मासे तरंगले की फोटो छापून येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, कारखान्यांच्या मळीकडे आणि शहरांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवले जाते. ते व्हायलाच हवे. पण नदीच्या तळाशी राहणारे शिंपले, शंखगोगलगायी, झिंगे, चतुराच्या पाण्यातल्या अळ्या यांचा पंचनामा कोणी करत नाही. ते नाहीसे झाले तरी कोणाला कळत नाही. त्यांचा जीव घेणारी गोष्ट आपल्या शेतातल्या खताच्या पोत्यातूनही येऊ शकते, म्हणून हे पत्र.

मी ऊस उत्पादक आहे. खत बंद करा, असे मी म्हणणार नाही. खताशिवाय उसाचा टनेज निघत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण शेताबाहेर गेलेले खत पुढे काय करते, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

पोटॅशचेच घ्या. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मिलब्रुक इथल्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव झाला होता. २००६ मध्ये ते संपवले ते पोटॅशियम क्लोराइड सोडून, म्हणजे आपण उसाला टाकतो त्याच म्युरेट ऑफ पोटॅशने. पाण्यात लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम पोटॅशियम होईल इतके ते सोडले. शिंपले एकजात मेले, मासे जगले. आपल्या शेतातून वाहून जाणारे पोटॅश नदीत इतके दाट होत नाही. तरीही जे पाणी माशाला सोसते त्यात शिंपला मरू शकतो, एवढे यातून दिसते. मग ‘मासे जिवंत आहेत, पाणी ठीक आहे’ असे कसे म्हणायचे?

खरी काळजी युरियाची आहे. युरिया स्वतः फारसा विषारी नाही, पण माती-पाण्यातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. पाण्यातल्या या अमोनियाचा थोडा भाग ‘मुक्त’ असतो आणि विषारी मुख्यतः तोच. तो किती असेल हे पाण्याच्या सामूवर (पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्यावर) ठरते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की पाच टक्के, ९ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आता उन्हाळ्यातला आपला एखादा कोल्हापुरी बंधारा आठवा. पाणी थांबलेले, खताच्या अंशावर शेवाळ माजलेले. भर उन्हात ते शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढतो. सकाळी सोसवणारे पाणी दुपारी तीन वाजता घातक होऊ शकते. सकाळच्या एका बाटलीवरून अहवाल तयार झाला तर त्यात हे कुठे दिसणार?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ साली अमोनियाची मर्यादा कडक केली, आणि त्यामागे गोड्या पाण्यातले शिंपले व गोगलगायी हेच मोठे कारण होते. सामू ७ आणि तापमान २० अंश असताना दीर्घकाळासाठी एकूण अमोनिया-नायट्रोजन लिटरला १.९ मिलिग्रॅम, अशी ती मर्यादा आहे. त्यात मुक्त अमोनिया ०.०१ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मात्र वन्यजीव आणि मासेमारीसाठीच्या ‘डी’ वर्गाच्या पाण्यात मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. सामू-तापमानाप्रमाणे हे आकडे हलतात, पण तफावत मोठीच राहते. या मर्यादेत नदी ‘पास’ झाली तरी तळातला शिंपला जगेलच, याची हमी नाही.

नायट्रेटचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट चालते, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम नायट्रोजन. माणसाला चालणारे हे प्रमाण दीर्घकाळ राहिले तर पाण्यातल्या नाजूक अपृष्ठवंशी जिवांना बाधते. त्यांच्यासाठी २ मिलिग्रॅमची मर्यादा संशोधकांनी सुचवलेली आहे. वाळवा-पलूस-मिरज भागात क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या टाकल्या जातात. काम गरजेचे आहे, पण नायट्रेट पाण्याबरोबर त्याच नळ्यांतून ओढ्यात उतरते. नळीच्या तोंडाशी पाणी तपासायची सोय त्या योजनांतच असावी.

तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांनाही एक विनंती. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातले मोरचूद (कॉपर सल्फेट) गोगलगायींना इतके जहाल आहे की जनावरांतला यकृतकृमी रोखण्यासाठी पाणवठ्यातल्या गोगलगायी त्यानेच मारत असत. फवारणीची टाकी ओढ्यात धुऊ नका.

उसापुरते बोलायचे तर थंडीत लागण होणाऱ्या सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, त्यातले ४० टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे बुंध्याला मातीची भर देताना. सगळे युरियातून दिले तर एकरी जवळपास दोन पोती होतात, आणि ही बांधणी येते मे-जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर. वर मोकाट पाणी दिले किंवा वळवाने झोडपले की खत ओढ्याला लागलेच. ठिबकमधून थोडे थोडे देणे, पावसाचा अंदाज पाहून बांधणी करणे आणि ओढ्याकाठी चार-पाच मीटर गवत राखणे यात उत्पन्न बुडत नाही. ओढ्याच्या काठापर्यंत सरी काढायचा हट्ट मात्र सोडावा लागेल.

तळातले प्राणी पाहून पाण्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत केंद्रीय मंडळाकडे पूर्वीपासून आहे. जाळी, ट्रे, भिंग आणि ओळखू शकणारी माणसे एवढेच त्याला लागते, आणि सांगली-कराडच्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत अशी माणसे आहेत. येरळा मिळते त्या ब्रह्मनाळला, वारणा मिळते त्या हरिपूरला आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ही मोजणी मृगाआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा व्हावी, सामू दुपारीही मोजावा, आणि निकाल काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावा, अशी माझी मंडळाला आणि कृषी विभागाला मागणी आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक
ता. पलूस, जि. सांगली