डिझाइनच्या इंटरव्ह्यूत वर्नियर का नसतो?

मा. संपादक, स.न.वि.वि.

इंटरव्ह्यूला काय घालावं, कसं बसावं यावर पेपरात बरंच छापून येतं पण मेकॅनिकल प्रॉडक्ट डिझाइनच्या इंटरव्ह्यूत नेमकं काय बघतात हे कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. मी आधी टेबलाच्या त्या बाजूला बसून घाम पुसलाय आणि आता बरीच वर्षं या बाजूला बसतोय.

मुलं येतात ती सॉफ्टवेअरची यादी घेऊन. रेंडर (कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं) तर इतके चकाचक की वाटावं वस्तू तयारच आहे. मग विचारलं की बाबा हा प्लॅस्टिकचा डबा मोल्डमधून बाहेर कसा येणार, की शांतता! चारी भिंती काटकोनात, ड्राफ्ट शून्य. अरे एखाद-दीड डिग्री तरी उतार दे, नाहीतर पार्ट मोल्डला चिकटून बसतो आणि ओढून काढताना ओरखडे पडतात. आतली रिब, म्हणजे आधाराची पट्टी, भिंतीइतकीच जाड, की बाहेरून सिंक मार्क (खळगा) ठरलेलाच (५०-६० टक्के जाडी ठेवली तर बरंच वाचतं).

माझा अजून एक आवडता प्रश्न आहे. स्टीलची ब्रॅकेट लोडखाली जास्त वाकतेय, काय करशील? दहातले बरेचसे म्हणतात, सर जास्त स्ट्रेंथचं स्टील घेऊ. पण स्टील साधं असो की भारीतलं, त्याचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे मटेरियलचा स्वतःचा ताठपणा, २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो, त्यामुळे ती तुटणार उशिरा पण वाकणार तेवढीच. जाडी दुप्पट केली तर मात्र ताठपणा ८ पट. हे सगळ्यांनी दुसऱ्या वर्षाला शिकलेलं असतं हो, फॉर्म्युला पाठ असतो, पण ब्रॅकेट समोर आली की आठवत नाही. मी पण पहिल्या इंटरव्ह्यूत इथेच आपटलो होतो, त्यामुळे फार हसत नाही.

आणि चूक एकट्या मुलांची नाहीये. आमच्यातले कितीतरी लोक अजून व्याख्या विचारतात, किंवा घरी जाऊन अख्खं मॉडेल करून आणा सांगतात, त्यात त्या पोराचा शनिवार-रविवार जातो आणि त्याने ते स्वतः केलं का हेही कळत नाही. त्यापेक्षा एक तुटका पार्ट हातात द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा ना.

मागे इंटरव्ह्यूला आलेल्या एकीला मी स्नॅप (झाकण अडकवणारा हुक) तुटलेलं झाकण दिलं. तिने ते उजेडात धरलं, हुकाच्या मुळाशी नख फिरवलं आणि म्हणाली, इथे कोपरा धारदार ठेवलाय, रेडियस नाही, स्ट्रेस इथेच साठणार, शिवाय हुक आखूड आहे, लांब केला तर तेवढंच वाकूनही ताण कमी येईल. मग म्हणाली, सर वर्नियर मिळेल का, जाडी बघायचीय. तो शोधायला आम्हालाच पाच मिनिटं लागली, कारण इंटरव्ह्यूच्या खोलीत तोवर तो कुणी मागितलाच नव्हता.

आपला,
एक डिझाइन इंजिनीअर वाचक