आई, पुढच्या वेळी दार तू उघडलंस तर

आई-बाबा,

फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही विचारलंत की नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लोकांच्या दारोदार कशाला फिरतेस, पैसे तरी मिळतात का. नाही मिळत. मी पदाधिकारी वगैरे काही नाहीये, साधी व्हॉलंटियर आहे, आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचं काम मला मनापासून पटतं म्हणून जाते. आणि आई, एकटी नाही जात गं, कायम जोडीने असतो, अंधार पडायच्या आत परत फिरतो, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी घरात जायचं नाही, दारातच बोलायचं हे ठरलेलं आहे.

गल्लीप्रमाणे मतदार यादी हातात मिळते. बेल वाजवायची, दोन पावलं मागे सरकायचं म्हणजे दार उघडणारा बिचकत नाही, आणि कोणाकडून आलोय ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. मग नावापुढे खूण, आपला, विरोधातला, अजून ठरलं नाही, घर बंद. विरोधातला असेल तर वाद घालायचा नाही, धन्यवाद म्हणायचं आणि पुढचं दार, कारण मतदानाच्या दिवशी ह्याच यादीवरून आपल्या लोकांना आठवण करायला जायचं असतं, खूण चुकली तर दुसऱ्याचे मतदार आपणच घराबाहेर काढू.

बाबा, तुम्ही म्हणालात हल्ली सगळं मोबाईलवरच होतं, असं फिरून काय फरक पडतो. पडतो हो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या अॅलन गर्बर आणि डॉनल्ड ग्रीन ह्यांनी 1998 साली न्यू हेवन शहरात प्रयोग केला, काही मतदारांच्या दारी माणसं पाठवली, काहींना पत्रं पाठवली, काहींना फोन केले. दारी जाऊन समोरासमोर बोलले तिथे मतदान चांगलंच वाढलं, पत्रांनी थोडंसं, फोनने वाढलंच नाही. आणि जपानमध्ये तर 1925 साली दारोदार प्रचारावर बंदी घातली, ती अजून आहे, दारात मतं विकत घेतली जातील ही भीती. म्हणजे दारातल्या बोलण्यात ताकद आहे हे तिथेही माहितीये.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. मागच्या रविवारी एका घराचं दार एका आजींनी उघडलं, हातात कात्री, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, शिवता शिवता उठल्या असणार. त्या घराच्या नावांमध्ये पहिलं नाव पुरुषाचं होतं, ते वाचून मी विचारलं, घरी आहेत का. म्हणाल्या, "ते गेले, दोन वर्षं झाली." मी सॉरी म्हटलं, यादीत तसं लिहिलं आणि निघालेच होते, तर मागून म्हणाल्या, "त्याच्या खाली माझं नाव असेल बघ."

होतं. अगदी खालच्याच ओळीत. मी वाचलंच नव्हतं.

मग वीस मिनिटं बोलल्या. बस स्टॉप हलवल्यापासून दवाखान्यात जायला दोन बस बदलाव्या लागतात, गल्लीच्या टोकाचा दिवा बंद आहे, तुमचा उमेदवार ह्यावर काय करणार ते सांग. मला उत्तर माहीत नव्हतं, तसं सांगितलं, लिहून घेतलं. मत कोणाला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, मी 'ठरलं नाही' अशी खूण केली. जाताना म्हणाल्या, इतकी वर्षं लोक येतात, सगळे ह्यांनाच विचारायचे, मीपण आत जाऊन ह्यांनाच बोलवून आणायचे.

आई, मला लगेच तू आठवलीस. आपल्याकडे दार नेहमी तूच उघडायचीस, "बाबा आहेत का" असं विचारायचे, तू हाक मारून आत निघून जायचीस. मत तर तू एकदाही चुकवलं नाहीस, आणि तुला कोणी एक प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

न्यूझीलंडमध्ये बायकांना मताचा हक्क 1893 मध्ये मिळाला, त्याआधी केट शेपर्ड आणि तिच्या सोबतच्या बायकांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या, त्या वर्षी जवळपास 32 हजार झाल्या, मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून 270 मीटर लांब गुंडाळी झाली. एकेक दार वाजवून, बाईला हाक मारून. आणि मी हातात पेन घेऊन उभी राहून बाईंचं नावच वाचलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतंय. आता जो दार उघडेल त्याच्याशीच आधी बोलायचं असं मी आणि माझ्या जोडीदारणीने ठरवलंय.

तर आई, आता निवडणुकीत कोणी आलं, कुठल्याही पक्षाचं असो, तर बाबांना हाक मारू नकोस. तूच बोल. जिने चढताना गुडघे दुखतात, वरच्या ऑफिसात जायला लिफ्ट नाही, हे मला सांगतेस तसंच त्यांना सांग, आणि लिहून घ्यायला लाव. बाबा, तुम्ही तेवढा वेळ आतच बसा, प्लीज.

आणि काय बोललीस ते मला फोन करून सांग.

तुमची लेक