सिमेंटचा गिलावा आणि ‘मोडकळीस आलेली’ इमारत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी इमारत राखायची की पाडून नवी बांधायची, या वादात ‘ती आता दुरुस्तीपलीकडे गेली’ हे वाक्य हमखास येते आणि चर्चा तिथेच संपते. ती या अवस्थेला कशाने आली, हे क्वचितच विचारले जाते. अनेकदा दोष वयाचा नसून मागच्या दुरुस्तीचा असतो.

चुन्यात बांधलेली विटांची भिंत ओल घेते तशी सोडतेही. वर सिमेंटचा गिलावा चढला की आतल्या पाण्याची वाट बंद होते. ओल वर चढते, गिलाव्यामागे क्षारांचे स्फटिक होतात, लोणा लागून विटांचे पापुद्रे सुटतात. मग ‘भिंतच गेली’ म्हणत आणखी जाड सिमेंट! खरे तर आधी पाणी थांबवायचे: फुटके पन्हळ, भिंतीलगत भर घालून उंचावलेली जमीन. मग सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढायचे. यंत्र लावले तर मऊ विटा फुटतात. विटांमधल्या सांध्यांच्या दरजा त्यांच्या रुंदीच्या दुप्पट, साधारण २० ते २५ मिमी खोल मोकळ्या करून धूळ झाडायची, भिंत भिजवायची आणि मुरवलेला चुना १ भाग व क्षार नसलेली वाळू ३ भाग या मिश्रणाने भरायच्या. नंतर काही दिवस ओली गोणपाटे लावून ठेवायची. उन्हात झटपट वाळलेला चुना भुसभुशीत राहतो आणि बोल मात्र चुन्याला लागतो.

लाकडी तुळई बहुधा मध्ये कुजत नाही, भिंतीत गेलेल्या टोकाशी कुजते. लाकडातली ओल २० टक्क्यांखाली राहिली तर बुरशी वाढत नाही. खाली टेकू देऊन कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा आणि नवा तुकडा तिरक्या सांध्याने, बोल्ट मारून जोडायचा. सगळी तुळई बदलायचे कारण नसते.

संवर्धनाच्या नावाखालीही नुकसान होते. अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत दगड जोडण्यासाठी शिशाच्या वेष्टनाविना बसवलेले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि संगमरवर तडकला. प्राचीन कारागीर लोखंडाभोवती शिसे ओतत असत. आता तिथे टायटॅनियम वापरतात.

मालकांची तक्रार मात्र खोटी नाही. सगळ्यांच्या वारशाचा भार एकाने का वाहावा? न्यूयॉर्कचे पेन स्टेशन हे रेल्वे स्थानक १९६३ पासून पाडले गेले, १९६५ मध्ये तिथे वारसा इमारतींचा कायदा आला आणि १९७८ मध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. न वापरलेले बांधकाम-हक्क शेजारच्या भूखंडांवर नेण्याची सोय मालकाला होती, हेही त्या निकालात विचारात घेतले गेले. अशी सोय नसेल तर मालक गळके छप्पर मुद्दाम गळूच देतो. दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे मनोरा उभारणे ही आमच्या मते तडजोड नव्हे, निव्वळ मुखवटा आहे.

म्हणून पाडकामाच्या अर्जासोबत तीन गोष्टी मागाव्यात: पाणी कुठून येते याचा नकाशा, भेगांवर मापक लावून वर्षभर घेतलेल्या नोंदी (ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग वेगळी, सतत रुंदावणारी वेगळी) आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याने केलेला दुरुस्तीचा अंदाज. भिंत आजच झुकत असेल तर तिला टेकू द्यावा. नोंदी त्यानंतरही घेता येतात.

आपले,
जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक