अहवाल म्हणजे निर्णय नव्हे

जननेंद्रियांचे गंभीर जन्मजात व्यंग असलेले नवजात बाळ मुलगा की मुलगी, हे ठरवण्यासाठी जनुकीय चाचणीचा आग्रह धरणारा आपल्या अंकातील लेख वाचला. चाचणी हवीच, पण अहवाल हाती आला की प्रश्न मिटतो, हा लेखाचा सूर पटला नाही. गुणसूत्रे 'एक्सवाय', म्हणजे सहसा मुलाची, असूनही शरीरातील पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देत नसतील, तर बाळाचे बाह्यांग मुलीचेच घडते. उलट, पोटाची खालची भिंत न जुळल्याने मूत्राशय आणि आतडे उघडे राहिलेल्या 'एक्सवाय' बाळांना पूर्वी शस्त्रक्रिया करून मुलगी म्हणून वाढवले जाई. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा १४ जणांपैकी ८ जणांनी पुढे आपण मुलगा असल्याचे सांगितले. त्यांची काढून टाकलेली वृषणे कोण परत देणार?

मूत्रमार्गातील अडथळा किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या विकारात शरीरातून झपाट्याने घटणारे मीठ, यांवर तातडीने उपचार व्हायलाच हवेत. तिथे प्रश्न जिवाचा असतो. केवळ बाह्यरूप बदलणारी शस्त्रक्रिया मात्र ते मूल स्वतःबद्दल बोलू शकेल तोवर पुढे ढकलावी, आणि हे पालकांना पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे.

– एक वाचक